दारची भाजी, घरचे पोषण

भाकरी किंवा भात हे खरे अन्न आणि भाजी हे केवळ तोंडीलावणे, अशी समजूत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दीर्घकाळ रूढ आहे. पोट भरण्याचाच प्रश्न बिकट होता त्या काळात ती स्वाभाविकही होती. धान्य मिळाले की दिवस निभावला, असा हिशेब तेव्हा करावा लागे. शिधापत्रिकेवरील धान्यामुळे तो प्रश्न आज पुष्कळ अंशी सुटला असला, तरी ताटातील भाजीचे स्थान मात्र फारसे पालटलेले नाही. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. तत्पूर्वीच्या, २०१५-१६ मधील पाहणीत हीच प्रमाणे अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होती. धान्याची कोठारे भरली असताना अंगातील रक्त मात्र उणे व्हावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. जंत, वरचेवर होणारे आजार, पाठोपाठची बाळंतपणे आणि लोहाची कमतरता ही त्यांतील प्रमुख होत. लोहाच्या गोळ्या व जंतनाशक औषधे यांचे कार्य भाजीपाला करू शकत नाही. परंतु रोजच्या आहारात लोह, जीवनसत्त्वे व क्षार यांची भर घालण्याचा जो स्वस्त मार्ग सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आहे, तो घराच्या मागील दाराशीच सुरू होतो. त्या मार्गाचे नाव परसबाग.

परसबागेकडून अपेक्षा कोणती?

परसबागेच्या प्रचारात एक चूक वारंवार होते. तिच्यामुळे बाजारातून भाजी आणावीच लागणार नाही, असे सांगितले जाते. ही अपेक्षा आकड्यांवर तपासून पाहणे इष्ट ठरेल. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शिकेत प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे असावीत, असे म्हटले आहे. पाच प्रौढ माणसांच्या कुटुंबास या मानाने दररोज दोन किलो भाजी लागेल. अर्ध्या गुंठ्याच्या परसातून वर्षाचे बारा महिने एवढी भाजी निघणे कठीण आहे.

शाळेचाही हिशेब असाच आहे. पूर्वीच्या मध्यान्ह भोजन योजनेला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव मिळाले. तिच्या निकषांनुसार प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलास ७५ ग्रॅम भाजी द्यावयाची असते. साठ मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज तीन किलो भाजी लागेल. एवढी भाजी शाळेच्या बागेतून रोज काढावयाची म्हटले, तर चार दिवसांत वाफे रिकामे होतील.

तेव्हा परसबागेचे मोल वजनात करू नये. बटाटा, कांदा, कोबी, वांगी यांसारख्या टिकाऊ भाज्या आठवडी बाजारातून आणता येतात व दोन-चार दिवस राहतात. पालेभाजी मात्र बाजारातून घरी येईपर्यंत मलूल होते, तिच्यातील क जीवनसत्त्व झपाट्याने घटते, आणि बाजाराचा दिवस सरला की पुढील सहा दिवस ती ताटात दिसत नाही. हीच उणीव भरून काढणे हे परसबागेचे खरे काम होय. आठवड्यातून चार वेळा ताजी पालेभाजी, जेवणाबरोबर लिंबाची एक फोड, महिन्यातून काही वेळा शेवग्याचा पाला, एवढे जरी परसाने दिले तरी त्याने आपले कर्तव्य पार पाडले असे म्हणावे. लिंबाच्या फोडीचा उल्लेख येथे केवळ चवीसाठी केलेला नाही. पालेभाजीतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व त्या कामी साहाय्य करते. उलट जेवणाला लागूनच घेतलेला चहा या शोषणात अडथळा आणतो.

पाणी मोरीचे, जागा दाराची

घरोघरी व शाळाशाळांतून भाजी लावण्याचा विचार आजचा नाही. १९६० नंतरच्या दशकात राबविण्यात आलेल्या उपयोजित पोषण आहार कार्यक्रमातही शाळेची बाग व घरची बाग यांना स्थान होते. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. अंगणवाड्यांतून पोषणवाटिका, तसेच राज्यात उमेद अभियानाच्या स्वयंसहाय्यता गटांमार्फत पोषण परसबागा असे उपक्रम हाती घेण्यात आले आहेत. प्रश्न बाग सुरू करण्याचा कमी आणि टिकविण्याचा अधिक आहे. पावसाळ्यात उत्साहाने पेरलेली बाग पाऊस संपताच पाण्यावाचून सुकते. एकाच दिवशी सारे बी पेरले गेल्याने सारी भाजी एकदम येते व एकदम संपते. पुढच्या हंगामात बी कोठून आणावयाचे हे ठरलेले नसते. पाणी, पाळी आणि बियाणे या तीन गोष्टींची व्यवस्था प्रथम लावली तरच बाग वर्षभर उभी राहते.

यांपैकी पाण्याचा विचार प्रथम करावा. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविलेले आहे. ते मिळणाऱ्या पाच माणसांच्या घरी दिवसाला २७५ लिटर पाणी येते. त्यातील निम्मे पाणी जरी मोरीवाटे बाहेर पडते असे धरले, तरी सुमारे १३५ लिटर होते. ऐन उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला दर चौरस मीटरमागे दिवसाकाठी सहा ते सात लिटर पाणी लागते. म्हणजे चौदा चौरस मीटरच्या वाफ्यांना शंभर लिटरपर्यंत पाणी पुरेल. जे पाणी आज गल्लीत वाहून डास पोसते, तेच वळविल्यास बाग जगू शकते.

मात्र या पाण्याचा वापर विवेकाने केला पाहिजे. शौचालयाचे पाणी बागेकडे कधीही नेऊ नये. मोरीचे पाणी प्रथम विटांचे तुकडे व वाळू भरलेल्या लहान खड्ड्यातून सोडावे, म्हणजे साबणाचा फेस व चिकटा बराच कमी होतो. कपडे धुण्याचे तीव्र साबणाचे पाणी केळ व अळू यांनाच द्यावे. मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू लावण्याची आपल्याकडील जुनी रीत यामागील जाण दाखविते. जी भाजी शिजवून खावयाची, तिला हे पाणी सरीतून, मुळाशी द्यावे. पानांवर शिंपडू नये. कोथिंबीर, मुळा, काकडी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना स्वच्छ पाणीच हवे.

जेथे अद्याप पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथे ते आणण्याचे कष्ट बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतात. अशा घरी परसबाग म्हणजे आणखी दोन हंडे पाणी, असा अर्थ होता कामा नये. वाफे खणणे, कुंपण घालणे व पाण्याची सरी काढणे ही कामे घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी उचलावीत, हे प्रचार करणाऱ्यांनी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

सात वाफ्यांची योजना

दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असे सात वाफे पाऊलवाटांसह अर्ध्या गुंठ्यात सहज बसतात. वाफा एक मीटरहून रुंद करू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून निंदणी करता येते व आतील माती पायाखाली तुडवली जात नाही. जागेवर दिवसाचे किमान पाच-सहा तास ऊन असावे. माती वीतभर खोल खणून प्रत्येक वाफ्यात दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेण घातल्यास वाळवी व हुमणी यांना आमंत्रण मिळते.

योजनेचे मर्म असे की, सातही वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. दर आठवड्याला एकच वाफा पेरावा. मेथी पेरणीपासून साधारण चार आठवड्यांत, तर पालक व माठ चार ते सहा आठवड्यांत काढणीस येतात. पहिल्या वाफ्याची काढणी होत असताना पाचवा किंवा सहावा वाफा पेरला जात असतो आणि रिकामा झालेला वाफा खत घालून पुन्हा पाळीत येतो. मेथी उपटून काढली जाते. पालक, माठ व अंबाडी यांची मात्र खुडणी केल्यास दोन-तीन वेळा पुन्हा फूट येते. एका वाफ्यात एकच भाजी लागोपाठ घेऊ नये. पालेभाजीनंतर चवळी, घेवडा किंवा गवार यांसारखे शेंगवर्गीय पीक घेतल्यास जमिनीचा कस टिकतो.

हंगामाप्रमाणे निवड करावी. जून-जुलैमध्ये भेंडी, गवार, चवळी, अंबाडी यांची पेरणी करावी आणि दोडका, कारले, दुधी व भोपळा यांचे वेल कुंपणावर चढवावेत. सप्टेंबरच्या अखेरीपासून मेथी, पालक, शेपू, मुळा, गाजर, कोथिंबीर, टोमॅटो व घेवडा यांना अनुकूल काळ येतो. फेब्रुवारीनंतर मेथी व कोथिंबीर लवकर फुलोऱ्यावर येतात. तेव्हा माठ, राजगिरा, चवळी, भेंडी व काकडी यांवर भर द्यावा.

बागेच्या कडेला बारमाही झाडे असावीत. एक शेवगा, एक कढीपत्ता, एक लिंबू आणि दोन पपया एवढी झाडे बहुतेक परसांना पुरतात. ती उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या बाजूस लावल्यास वाफ्यांवर दिवसभर सावली पडत नाही. शेवग्याच्या शेंगा आवडीने खाल्ल्या जातात, परंतु त्याचा पाला अनेक घरी वाया जातो. कॅल्शियम व अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य यांनी तो समृद्ध आहे. डाळीत, पिठल्यात किंवा थालीपिठात तो सहज मिसळता येतो.

किडीसाठी विषारी फवारणी घरच्या बागेत टाळावी. मावा दिसू लागताच ५० ग्रॅम निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, पाणी घालून एक लिटर द्रावण करावे व चिमूटभर साबण मिसळून सायंकाळी फवारावे. अळ्या हातांनी वेचणे हा लहान बागेत सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

जागा नसलेल्यांसाठी कोवळी रोपभाजी

ज्यांच्याजवळ परसच नाही, त्यांनी काय करावे? चाळीतील, सदनिकेतील आणि दाट वस्तीच्या गावठाणातील कुटुंबांपुढे हा प्रश्न असतो. त्यांना ‘मायक्रोग्रीन्स’ या नावाने अलीकडे परिचित झालेली कोवळी रोपभाजी उपयोगी पडू शकते. बी उगवून पहिली दोन दले उघडली व खऱ्या पानाची चाहूल लागली की मातीच्या वर कापून खावयाची, अशी ही भाजी आहे.

नाव नवे असले तरी मराठी माणसाला ही रीत अपरिचित नाही. घटस्थापनेच्या दिवशी पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाते आणि नवव्या दिवशी वीतभर उंचीचे कोंब डोलू लागतात. त्यांचा रंग पिवळसर असतो, कारण देवघरात ऊन पोहोचत नाही. हेच कोंब उजेडात वाढते तर हिरवे झाले असते. मुंबईच्या मंडईत लहान जुड्यांनी विकली जाणारी समुद्रमेथी हेही याचेच उदाहरण होय. किनाऱ्याजवळील वाळूत दाट पेरून ती अगदी कोवळी असताना उपटली जाते.

कृती सोपी आहे. दोन इंच खोलीचा पसरट डबा, फळांची पेटी किंवा मातीचे परळ घ्यावे व तळाशी भोके पाडावीत. चाळलेली माती व कुजलेले खत समभाग मिसळून दीड इंचाचा थर द्यावा. मेथी आठ-दहा तास भिजवून पेरावी. मोहरी, मुळा व माठ यांचे बी न भिजवता पेरता येते. अळीव मुळीच भिजवू नये, कारण त्यावर चिकट थर येतो. धने हलकेच रगडून दोन दळे करून घ्यावेत. बी दाट परंतु एकावर एक न येईल असे पसरून वर मातीचा पातळ थर द्यावा. पाणी शिंपडून दोन-तीन दिवस झाकून ठेवावे. कोंब वर येताच झाकण काढून खिडकीच्या उजेडात ठेवावे. दिवसातून एक-दोनदा हलके पाणी पुरते. मोहरी, मुळा व मेथी आठ-दहा दिवसांत, तर माठ व कोथिंबीर दोन-तीन आठवड्यांत कापणीस येतात. मुळ्याच्या कोंबांभोवती पहिल्या दिवसांत पांढरी लव दिसते. ती बुरशी समजून अनेक जण डबा टाकून देतात. पाणी शिंपडल्यावर जी लव नाहीशी होते ती मुळांची असते. जी तशीच राहते व कुबट वास देते ती बुरशी होय.

या भाजीच्या गुणांविषयी २०१२ साली अमेरिकेतील कृषी विभाग व मेरीलँड विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २५ प्रकारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोथिंबिरीची कोवळी रोपे कॅरोटिन वर्गातील द्रव्यांत आणि लाल माठाची रोपे के जीवनसत्त्वात अग्रेसर ठरली. तथापि या भाजीचा गवगवा होतो तितकी ती सर्वसमर्थ नाही. एका परळातून दोन-तीन मुठींपेक्षा अधिक भाजी निघत नाही. कोशिंबिरीत, दहीभातावर किंवा भाकरीबरोबर ती भर घालते. वाटीभर शिजलेल्या माठाची जागा ती घेऊ शकत नाही. दर तीन-चार दिवसांनी एक परळ पेरत गेल्यासच तिचा सातत्याने उपयोग होतो.

काही पथ्ये मात्र काटेकोरपणे पाळली पाहिजेत. शेतीसाठी औषध लावलेले बियाणे यासाठी कदापि वापरू नये. खाण्याचे धान्य व मसाल्याचे स्वच्छ बीच घ्यावे. टोमॅटो, वांगे, मिरची व बटाटा यांची कोवळी रोपे विषारी द्रव्ययुक्त असल्याने खाऊ नयेत. राजमा व घेवडा यांचे कोंबही कच्चे खाणे अपायकारक आहे. पाणी पिण्यायोग्यच हवे व भाजी कापून धुतल्यावर लगेच खावी. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतुसंसर्गाने पन्नासहून अधिक माणसे दगावली होती. उबदार, दमट जागेत वाढणाऱ्या मोडांत जंतूही वेगाने वाढतात. रोपभाजीत बी व मूळ खाल्ले जात नसल्याने हा धोका कमी असतो, तरी तो नाहीसा होत नाही. म्हणून गरोदर स्त्रिया, लहान मुले व आजारी माणसे यांना ती वाफवून किंवा गरम आमटीत घालून द्यावी.

बियाणे घरचे असावे

बाग टिकण्याची तिसरी अट म्हणजे बियाणे. दरवर्षी कोणी तरी फुकट पाकिटे वाटेल या भरवशावर राहिलेली बाग वाटप थांबताच थांबते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे जतन करून बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० सालच्या पद्मश्री पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. त्यांच्या कार्याचा आरंभ घरच्या परसातून व घरच्या बियाण्यांतून झाला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

मेथी, वाल, चवळी, घेवडा व टोमॅटो यांचे बी राखणे नवशिक्यासही जमते, कारण त्यांचे परागीभवन बहुधा त्याच फुलात होते. भोपळा, काकडी, मुळा यांच्या जाती मात्र शेजारच्या वाणांशी संकरित होतात. त्यांना अंतर द्यावे लागते. प्रत्येक वाफ्यातील पाच-सहा उत्तम झाडे न खुडता राखून ठेवावीत. बी पूर्ण पक्व झाल्यावर सावलीत सुकवून, राख किंवा कडुनिंबाचा सुका पाला घालून, कोरड्या डब्यात वाणाचे नाव व वर्ष लिहून ठेवावे. संकरित बियाण्यांपासून धरलेले बी मूळ गुणांचे निपजत नाही, हे ध्यानात असावे.

शाळा व पंचायतींची जबाबदारी

शाळेच्या बागेवर खरे संकट उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. मे महिन्यात मुले नसतात, पाणी नसते आणि जूनच्या मध्यास शाळा उघडते तेव्हा वाफ्यांची केवळ खूण उरलेली असते. त्यावर उपाय असा की, एप्रिलमध्ये वाफे रिकामे करून बी गोळा करावे, वाफ्यांवर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे आणि शेवगा, लिंबू, कढीपत्ता यांच्या पाण्याची जबाबदारी शेजारच्या एखाद्या कुटुंबास त्या काळातील उत्पन्नाच्या बदल्यात सोपवावी. सुट्टीत एक झाड वाचले तरी पुढील वर्षाचा आरंभ शून्यातून करावा लागत नाही. हात धुण्याच्या नळाचे सांडपाणी बागेकडे वळविणे व कुंपण घालणे ही कामे पंचायतीने करून द्यावीत. मोकाट गुरे व शेळ्या यांचा बंदोबस्त झाल्यावाचून गावात एकही परसबाग तगणार नाही, आणि हे काम एकट्या कुटुंबाच्या हातचे नाही.

शिक्षकांना या बागेत अध्यापनाचे उत्तम साधन लाभते. वाफ्याचे क्षेत्रफळ, बियांची उगवणशक्ती, मुठीभर भाजीचे वजन या सर्वांतून गणित व विज्ञान शिकविता येते. शंभर बिया ओल्या फडक्यात गुंडाळून किती उगवल्या हे मोजणारे मूल पुढे बियाण्यांच्या बाबतीत फसविले जाण्याचा संभव कमी असतो. वर्गातील खिडकीत ठेवलेले मेथीचे परळ आठ-दहा दिवसांत फळ देते. मुलांच्या उतावीळ वयाला हा अवधी मानवतो.

कार्यक्रमाचे मूल्यमापन करतानाही दृष्टी बदलावी लागेल. किती बागा सुरू झाल्या, या संख्येला फारसा अर्थ नाही. जूनमध्ये लावलेल्या बागांपैकी किती फेब्रुवारीत हिरव्या आहेत आणि त्या घरांतील स्त्रिया व मुले आठवड्यातून किती वेळा पालेभाजी खातात, हे दोन प्रश्न विचारले तर खरी परिस्थिती समजेल. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. बागेत उगवलेली भाजी बाजारात विकली गेली व घरच्या गृहिणीच्या ताटात शेवटी उरलेली चटणी-भाकरीच आली, तर दोन पैसे जोडले जातील, पण रक्तक्षय हटणार नाही. घरातील सर्वांनी एकत्र बसून जेवावे व पालेभाजीचा पहिला वाटा गरोदर स्त्री, स्तनदा माता व वाढत्या मुलांचा असावा, हा विचार बियाण्यांबरोबरच घरोघरी पोहोचला पाहिजे.

मोरीचे पाणी, अर्धा गुंठा जागा आणि मूठभर घरचे बी एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होते. ज्या पंचायतीला ते पार पाडावयाचे आहे, तिने येत्या हंगामात संपूर्ण गावाचा संकल्प सोडण्याऐवजी दहा घरे निवडावीत, त्यांच्या पाण्याची वाट लावून द्यावी, कुंपण पक्के करावे आणि वर्षभर त्यांच्याकडे लक्ष ठेवावे. पुढील वर्षी त्या दहा घरांतील बी शेजारच्या घरांत जाईल. भाजीचा प्रसार गावात असाच, कुंपणावरून होत आला आहे.